निळ्या दोऱ्याची सहा पोती

२१ ऑगस्ट

जॉयसला आणायला विमानतळावर गेले आणि डोकं तापवून घरी आले. तिथल्या दुकानात कॉफीच्या सोनेरी पिशव्या मांडल्या आहेत. वर आमच्यासारख्याच वाळवणीच्या माळ्याचं चित्र, सरकत्या पत्र्याच्या छपरासकट. त्याखाली हाताएवढ्या अक्षरांत आमच्या या भागाचं नाव, 'कोना', आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'दहा टक्के'. बाकीची नव्वद टक्के कुठली, म्हणून मी विकणाऱ्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "मिश्रण आहे ना आंटी." मिश्रण आहे तर मिश्रण मोठं लिहा आणि कोना बारीक लिहा. पिशवीवर ज्याचं नाव, त्याचाच माल आत असला पाहिजे, हे मी जरा मोठ्याने म्हणाले. चारदोन प्रवासी थांबले. जॉयस माझी बाही ओढत राहिली.

गाडीत ती म्हणाली, "आई, त्या पोरीला तासाचे पैसे मिळतात. तिच्यावर काय ओरडतेस?" मग कुणावर ओरडू? मालक होनोलुलूत बसतो.

महिनाअखेरीस पहिली तोडणी. झाडं बरी लगडली आहेत. नवरा, योशितो, गेल्यानंतरचा हा तिसरा हंगाम.

२ सप्टेंबर

पहिला हौद भरला. परवा दुपारी फळांची साल काढून बुळबुळीत बिया हौदात टाकल्या, पाणी सोडलं. आज सकाळी वासावर धुतल्या.

बर्नार्ड माळ्याच्या छपराचं चाक बसवायला आला होता. बर्नार्ड फ्रेतास, खालच्या वळणावरचा गिरणीवाला. आमची सगळ्यांची टरफलं त्याच्याकडेच निघतात. त्याची स्वतःची सहा एकर कॉफीही आहे, पण त्याने कधी स्वतःचं नाव केलं नाही. सगळा माल मिश्रणवाल्याला देऊन मोकळा होतो. हौदाशी उभा राहून मला विचारतो, "किती तास ठेवलंस?"

मी म्हणाले, "घड्याळाच्या माणसांनी तास मोजावेत." सासूबाईंनी मला शिकवलं ते नाकाने. वास गोडाकडून आंबटाकडे वळला की त्या घडीला पाणी काढून बिया धुवायच्या, आधी नाही, नंतर नाही. काही लोक बी हातात चोळून बघतात. मला चाळीस वर्षांत कधी गरज पडली नाही. यंदा वास वळायला वेळ लागतोय हे खरं. गारवा लवकर आलाय.

तो अजून काहीतरी बोलणार होता. मी चाकाकडे बोट दाखवलं.

१९ सप्टेंबर

सहा पोती गिरणीत पोचवली. माझ्या पोत्यांची तोंडं मी निळ्या दोऱ्याने शिवते, म्हणजे कुणाच्या मालात मिसळायला नकोत. प्रत्येकात तारखेची चिठ्ठी. टरफलं काढून, निवडून ही सहा ओसाकाला तानिमोतो-सानकडे जातील. वीस वर्षं ते फक्त आमची घेतात आणि त्यांच्या दुकानात पिशवीवर लिहितात, 'इकेहारा, होनाउनाउ', आमचं आडनाव आणि आमचं गाव. अख्ख्या उतारावर असं नाव दुसऱ्या कुणाचं नाही.

बर्नार्डने एका पोत्याचं तोंड उसवून हात घातला, मूठभर बी नाकाशी नेली आणि तशीच धरून उभा राहिला. "मिसाए, हे जरा..." म्हणाला. मी विचारलं, जरा काय? "जरा बसून बोलू या का?" मला कुठला वेळ बसायला. तोडणारी माणसं संध्याकाळी मजुरी मागणार होती. त्याच्या बायकोने, लेइमोमीने, माझ्या गळ्यात गार्डेनियाची माळ घातली. दुकानातली असावी. हल्ली फुलांना वासच नसतो, नुसता रंग पाहून विकतात.

५ ऑक्टोबर

जॉयस दोन दिवस राहून गेली आणि दोन्ही दिवस माझ्या मागे लागली होती. कारण काय, तर भात लागला. मी ओट्याशीच उभी होते, तरी लागला. ती अंगणातून धावत आली. मग फ्रिज उघडून दूध ओतून दिलं. म्हणे नासलंय. मी सकाळी तेच प्यायले होते, मला काही झालं नाही. मग डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. मे महिन्यात तीन आठवडे सर्दीतापाने पडले होते, तेव्हापासून तिला मी म्हातारी दिसायला लागले आहे. एक्काहत्तर म्हणजे काही वय झालं?

सूपासाठी मिसो विकणाराही आता फसवतो. सूप म्हणजे कोमट पाणी झालंय. पुढच्या वेळी त्याला सुनावणार आहे.

१८ ऑक्टोबर

ओसाकाहून फॅक्स आला. तानिमोतो-सान लिहितात, वीस वर्षांत इतकी सुरेख कॉफी आमच्या मळ्यातून आली नव्हती. त्यांनी स्वतः तीन वेळा चाखून पाहिली. कागद घेऊन मी थेट गिरणीत गेले.

बर्नार्डला मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, "बघ, नाकाने काम केलं की असं होतं. तुझी कॉफी बिचारी जाते नव्वद टक्क्यांच्या पोटात." तो हसला नाही की चिडला नाही. यंत्राचा पट्टा पुसत राहिला. लेइमोमी मात्र हातातलं बी पाखडायचं सूप आपटून आत गेली. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही काहींना. योशितो असता तर त्याने कागदाला चौकट करून लावली असती. मीच लावणार आहे.

१४ नोव्हेंबर

ओसाकाहून पुन्हा फॅक्स आला.

गेल्या महिन्यात गेलेली दुसरी खेप त्यांनी नाकारली. 'सडक्या कांद्याचा वास. कपात घेता आली नाही.' माझी कॉफी! आणि खाली नम्रपणे विचारलंय की माल दुसऱ्या कुणाचा तर आला नाही ना. मी घरात उरलेली भाजून, दळून, तीन कप करून प्यायले. कडू आणि स्वच्छ. काहीही झालेलं नाही तिला.

मग माल बदलला कुणी? माझ्या हातून बर्नार्डच्या गिरणीत आणि बर्नार्डच्या गिरणीतून जहाजात. मध्ये तिसरा हात नाही.

१५ नोव्हेंबर

सापडलं.

बर्नार्ड दुपारी जेवायला गेला असताना मी गिरणीमागच्या पडवीत शिरले. ताडपत्री उचलली. सहा पोती, निळ्या दोऱ्याने शिवलेली, एकाचं तोंड उसवलेलं. माझा टाका मला ओळखू येणार नाही? आत टरफलासकट बी, हातही न लावलेली. म्हणजे माझा चांगला माल इथे दडवला आणि त्याचा कुजका माल माझ्या नावाने ओसाकाला पाठवला. पंचेचाळीस वर्षांचा शेजार. माझ्या लग्नात ह्याने डुक्कर भाजलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथे एक शब्द बोलले नाही. चार भिंतींत बोलले तर तो सारवासारव करेल. आम्हा कॉफीवाल्यांच्या मंडळाची सभा वीस तारखेला आहे.

२० नोव्हेंबर

देवळाच्या सभागृहात चाळीसेक माणसं जेवायला बसली होती. आधी मिश्रणवाल्यांविरुद्ध अर्ज वाचला गेला, सगळ्यांनी सह्या केल्या. मग मी उभी राहिले. म्हणाले, होनोलुलूच्या चोरांवर सह्या करताय, आधी आपल्या पंगतीतला बघा. पोत्यांचं सगळं सांगितलं. आवाज चढला असेल, चढणारच.

शेरिल, आमची तरुण अध्यक्ष, गोरीमोरी झाली. "अंकल बर्नार्ड, तुम्हाला काही सांगायचंय?"

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "पोती माझ्या पडवीत आहेत, हे खरं आहे." आणि बसला. बस, एवढंच. बेरकी माणूस. वकील ठेवून आला असता तरी इतकं मोजून बोलता आलं नसतं.

मला वाटलं होतं लोक त्याला फाडून खातील. उलट सगळे आपापल्या ताटाकडे बघायला लागले. माझ्या शेजारची बाई तर माझा हात थोपटत होती, आजारी माणसाचा थोपटावा तसा.

२३ नोव्हेंबर

तीन दिवसांत सात जणांनी माल दुसऱ्या गिरणीत नेला असं कळलं. बरं झालं. असं मी सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळचे पाच वाजले आहेत. सकाळचं खोडत नाही, राहू दे तसंच.

दुपारी लेइमोमी आली. चप्पल न काढता पायरीवरच उभी राहिली. तिने ओरडावं अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही.

"पोत्यांतल्या चिठ्ठ्या बघितल्यास?"

मी म्हणाले, त्यात काय बघायचंय.

"सप्टेंबरच्या आहेत, मिसाए. ती तुझी पहिली खेप. कुजली होती. पहिलं पोतं उघडलं तेव्हा मला गिरणीबाहेर जावं लागलं."

मी म्हणाले, पहिली खेप तर ओसाकाला गेली, वीस वर्षांतली सर्वांत चांगली म्हणून फॅक्स आला.

"ती आमची होती," ती म्हणाली. "वरच्या उताराची. ह्याने माझ्याशी भांडून तुझ्या नावाचा शिक्का मारला त्यावर. म्हणाला, वीस वर्षांचं नाव एका हौदात बुडायला नको, ती पुढच्या वेळी सावरेल. दुसऱ्या खेपेला आमच्याकडे उरलीच नव्हती, म्हणून तुझीच गेली. आणि तू तो कागद आणून आम्हालाच वाचून दाखवलास."

मी म्हणाले, खोटं आहे.

तिने माझं मनगट धरलं आणि मला हौदापाशी नेलं. तीन दिवसांपासूनचा माल त्यात होता, वास वळायची मी वाट बघत होते. तिने बाही नाकावर दाबली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तिच्या. "जन्मभर नाकाने कांदे सोललेस," ती म्हणाली. "आता वास घे बघू."

मी वाकले. पाणी, सिमेंट, बिया. दुसरं काही नाही.

२४ नोव्हेंबर

काल ती गेल्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या ओट्यावर काढल्या. सोया, मिसो, व्हिनेगर, सुके मासे, योशितोची दारूची जुनी बाटली. एकेक उघडून नाकाशी धरली. मग मागच्या दाराशी जाऊन रॉकेलच्या डब्यात नाक घातलं. डोळे चुरचुरले. वास नाही. कपाटातल्या त्याच्या कोटात तोंड खुपसून उभी राहिले, तिथेही नाही.

मे महिन्यापासून हे असं आहे आणि मला कळलं नाही. कान गेले तर कळतं, लोक ओरडतात. हे कसं कळणार? मी सगळ्या जगाला वास नसलेलं ठरवलं. मिसोवाल्याला सुनावलंही होतं.

लाज वाटते. बर्नार्डचा रागही येतो. मला सांगितलं का नाही? मी काय काचेची आहे? आला होता सांगायला, दोनदा, हे आठवतंय. तरी राग येतोय.

२६ नोव्हेंबर

तानिमोतो-सानना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पहिली खेप माझी नव्हती, शेजारच्या बर्नार्ड फ्रेतासच्या वरच्या उताराची होती. नाकारलेली खेप माझी. मला वास येत नाही. ज्या कॉफीची तुम्ही स्तुती केलीत तिच्यावर माझं नाव होतं हे चूक झालं, आणि त्यात दोष माझा. त्याने जे केलं ते मला तोंडावर खरं सांगायची कुणाची छाती नव्हती म्हणून केलं.

जॉयसला फोनवर वाचून दाखवलं. ती रडायला लागली आणि म्हणाली, नको पाठवू, आई, मळ्याचं काय होईल? काय होईल ते मलाही माहीत नाही. पाठवलं.

२ डिसेंबर

बर्नार्ड आला. शेरिलकडून पत्राचं कळलं त्याला, फॅक्स तिच्याच कचेरीतून गेला होता. इतक्या वर्षांत त्याला असा चिडलेला मी पाहिला नव्हता.

"तुला कुणी सांगितलं होतं लिहायला? त्यांनी चांगली कॉफी प्यायली. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि तुला कुणी सांगितलं होतं शिक्का मारायला?"

"कुणी नाही."

"मग झालं तर."

तो पायरीवर बसला. मी शेजारी बसले. मी माफी मागितली, नीट, शब्दांत. सभेत येऊन सगळ्यांसमोरही मागते म्हणाले, तुझं सगळं सांगते. त्याने नको म्हणून मान हलवली. म्हणाला, तसं केलंस तर चोर म्हणायचे ते लबाड म्हणतील, एवढाच फरक. एकाच्या मालावर दुसऱ्याचा शिक्का मारणाऱ्या गिरणीत कोण पोतं आणेल? सात गेलेत, मग बाकीचेही जातील. "गप्प बस," म्हणाला. "लोक विसरतात."

लोक विसरत नाहीत. मी इतक्या वर्षांत कुणाचं काही विसरलेले नाही.

१२ डिसेंबर

ओसाकाचं उत्तर. अगदी सभ्य, चार ओळींचं. पुढच्या हंगामात ते फ्रेतासांच्या वरच्या उताराची कॉफी घेऊन बघतील, त्यांच्याच नावाने. इकेहारा नावाची पिशवी या वर्षी दुकानात नसेल. माझ्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

कागद बर्नार्डला नेऊन दिला. त्याने दोनदा वाचला, घडी घातली, परत उलगडला. लेइमोमीला दाखवायला आत गेला तो पंधरा मिनिटं बाहेर आला नाही. मी पडवीत उभी होते. माझी सहा पोती तशीच होती ताडपत्रीखाली. मीच ती ओढत गाडीत घातली आणि घरी येऊन खताच्या खड्ड्यात रिकामी केली. त्यांचा वास आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

मळ्याचं नाव गेलं. हे असं लिहून बघितलं की जरा बरं वाटतं का ते पाहत होते. वाटत नाही.

१८ डिसेंबर

वर्षाची शेवटची सभा. जाऊ नको असा बर्नार्डचा निरोप आला होता. मी गेले. तांदळाच्या पिठाचे, शेंगदाणे भरलेले मोची करून नेले, दाणे खवट नाहीत ना ते जॉयसला चाखायला लावून. ती मुद्दाम आली आहे.

विषय संपले तेव्हा मी हात वर केला. शेरिलच्या चेहऱ्यावर धास्ती दिसली. खाली बघून बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"गेल्या महिन्यात मी बर्नार्डला चोर म्हणाले," मी म्हणाले. "त्याने माझं काही चोरलं नाही. कुजका माल माझाच होता. मला वास येत नाही. मे महिन्यापासून काहीच येत नाही. बिया मी हौदात उगाचच ठेवत होते, आंबून सडेपर्यंत."

चाळीस कॉफीवाल्यांसमोर असं बोलणं म्हणजे काय, ते त्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या रांगेतून अठ्ठ्याऐंशी वर्षांचे तोकुजी अंकल म्हणाले, "मला तर नऊ वर्षं येत नाही. सून वास घेते, मी मान डोलावतो." त्यांची सून त्यांच्या पाठीवर चापट मारून हसली आणि मग सगळेच हसले. मीही.

मला वाटलं सुटले. तेवढ्यात दुसऱ्या गिरणीत गेलेल्या सातांपैकी एकाने विचारलं, अगदी सरळपणे, काही डाव नव्हता त्यात. "पण आंटी, मग तुमची पोती अंकल बर्नार्डच्या पडवीत कशी आली?"

बर्नार्ड दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. टोपी हातात होती आणि तो आता स्वतःच बोलणार हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. तो बोलला असता तर खरं तेच बोलला असता. आणि लेइमोमी त्याच्या मागे डोळे मिटून उभी होती.

मी म्हणाले, "मीच ठेवायला दिली होती. खराब वाटली म्हणून. मग विसरले."

शेरिलने विचारलं, "तसंच लिहू का, आंटी?"

"तसंच लिही."

तिने लिहिलं. मी उभी राहून बघत होते, ती वहीत शब्द न् शब्द उतरवत होती. विमानतळावर दहा टक्क्यांसाठी एका पोरीवर ओरडणारी मी, भरसभेत शंभर टक्के खोटं बोलले आणि वर त्याची नोंद करायला लावली. ज्याने विचारलं तो मान डोलावून बसला. पटलं की नाही माहीत नाही. घरी निघताना त्याने बर्नार्डला विचारलं की सोमवारी गिरणी उघडी आहे का.

बर्नार्ड माझ्यामागून निघाला. गाडीपर्यंत आला, दार उघडून धरलं, मी बसल्यावर लावलं. मला न विचारता माझ्या नावाचा शिक्का मारला, त्याचा राग अजून आहे आणि राहणार आहे. पण मंडळाच्या वहीत जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते मी कुणाला खोडू देणार नाही.